पोच न दिलेला अर्ज

एका बाईंनी लिहून आणलेला अर्ज मी हातात घेतला. त्यावर आवक क्रमांक टाकला नाही, त्यांना पोच दिली नाही आणि तो साहेबांपुढे ठेवला नाही. दोन दिवसांनी त्या विचारायला आल्या तेव्हा "साहेबांनी नाही म्हटलं" असं सांगून मोकळा झालो. असा काही अर्ज आलाय हे साहेबांना ठाऊकसुद्धा नव्हतं. केलं मी, भोगलं त्या बाईंनी.

या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे मागितलं होतं ते वेगळंच. दारूबंदीच्या चळवळी तुम्ही सरकारी टेबलाच्या आतल्या बाजूने पाहिल्यात, त्यावर लिहा, असं त्यांचं म्हणणं. मी दोनदा लिहायला बसलो आणि दोन्ही वेळा हीच गोष्ट आधी कागदावर उतरली. म्हणून ती वर लिहिली. आता बाकीचं.

दारूचे परवाने ज्या कचेरीतून दिले जातात, तपासले जातात आणि क्वचित रद्द होतात, तिथे मी लिपिक होतो. गेल्या वर्षी स्वेच्छानिवृत्ती घेतली. आपल्या राज्यात कागदोपत्री अजूनही दारूबंदीचाच कायदा आहे, असं सांगितलं की लोक हसतात. पण ते खरं आहे. स्वातंत्र्याच्या पिढीने दारूबंदी हे नव्या देशाचं कर्तव्य मानलं, कायदा केला, आणि पुढच्या पिढ्यांनी तो न मोडता त्यात दारं पाडली. दुकानाला परवाना, बारला परवाना, पिणाऱ्यालासुद्धा परवाना. बंदीच्या कायद्याखाली विक्री चालते आणि त्याच कायद्याखाली आमच्यासारख्यांचा पगार निघतो. माझे वडील शिक्षक होते, तरुणपणी दारूबंदीच्या सभांना सतरंज्या अंथरायला गेलेले. मला ही नोकरी लागली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "आम्ही बाटली फोडा म्हणायचो. तू तिच्यावर शिक्का मार."

मात्र या दारांमध्ये एक दार बायकांनी आपल्यासाठी पाडून घेतलं. गावोगावच्या बायका मोर्चे काढून थकल्या, तेव्हा कुठे सरकारने नियम केला: वॉर्डातल्या चौथा हिस्सा महिला मतदारांनी सह्यांचं निवेदन दिलं, की सह्या तपासायच्या आणि मग बायकांचं गुप्त मतदान घ्यायचं. मतपत्रिकेवर दोन चित्रं. उभी बाटली म्हणजे दुकान चालू राहू द्या, आडवी बाटली म्हणजे बंद करा. ज्यांना अक्षर येत नाही त्यांनाही कळावं म्हणून ही चित्रं. खोच पुढे आहे. मत द्यायला आलेल्यांपैकी निम्म्यांनी आडवी करून भागत नाही. यादीत जितक्या बायका आहेत त्या सगळ्यांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला हवीत. म्हणजे जी बाई आलीच नाही, तिचं मत आपोआप उभ्या बाटलीच्या पारड्यात. जी वारली पण यादीतून निघाली नाही, तिचंही. एकदा हरलं की वर्षभर पुन्हा मागणी करता येत नाही.

माझं काम सह्यांच्या पडताळणीचं आणि मतदानाच्या तारखेचा प्रस्ताव लिहिण्याचं. पडताळणीत माणसं कळतात. भाईंदरजवळच्या हाटकेश भागात एका बारविरुद्धच्या निवेदनावर सह्या तपासत होतो. एक गृहस्थ तावातावाने आले. "माझ्या बायकोची सही खोटी आहे. लिहून घ्या." मागे त्यांची बायको हातात पिशवी घेऊन उभी. ती म्हणाली, "खरी आहे साहेब. यांच्यासमोर केली नाही, एवढंच." गृहस्थ मागे वळून बघत राहिले. पंचवीस वर्षांच्या संसारात बायकोने आपल्याला न विचारता केलेली ही बहुधा पहिली सही असावी, असं त्यांच्या तोंडावरून वाटलं.

नया नगरजवळच्या एका सोसायटीचे चेअरमन तर थेट टेबलावर हात ठेवून म्हणाले, "देखो साब, दारू से हमको प्रॉब्लेम नाही. पीनेवाले आमच्या गेटसमोर गाड्या लावतात. आडवी बाटली केली तर पार्किंग सुटेल ना?" त्यांना सांगितलं की मत बायकांनी द्यायचं असतं. "अच्छा?" म्हणाले, "मग सोसायटीत मीटिंग घ्यावी लागेल. आमच्याकडे लेडीज मीटिंगला येतच नाहीत." त्यांचं निवेदन पुढे आलं नाही. चेणे गावाच्या बाजूला एकदा एका म्हाताऱ्या बाईंनी माझ्यासमोर पाच मिनिटं घेऊन सही केली आणि विचारलं, "आता तपास. माझी माझ्यासारखीच आली का?"

असे किस्से मी घरी आणि लग्नकार्यात सांगायचो. लोक हसायचे. मला वाटायचं, आपण एका मोठ्या सुधारणेच्या गाड्याला खांदा लावतोय.

हिराबाई याच काळात आल्या. खाडीच्या तोंडाशी असलेल्या एका कोळीवाड्यातल्या. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नवरा पिऊन बोटीवरून पाण्यात पडला आणि गेला. थोरला मुलगा त्याच वाटेने चाललेला. वाड्याच्या तोंडावर देशी दारूचं दुकान. बोटीवरून उतरलेला खलाशी घरी पोचण्याआधी त्या दुकानात पोचायचा. हिराबाईंनी सहा महिने दारोदार फिरून सह्या जमवल्या. सोबत त्यांची जाऊ जनाबाई आणि मच्छी विकणाऱ्या बायकांचं मंडळ. वॉर्डात नव्या इमारतीही होत्या. तिथल्या मराठी, गुजराती, उत्तर भारतीय बायकांकडेही त्या गेल्या. मोडक्या हिंदीत बोलत आणि चौथ्या मजल्यापर्यंत जिने चढत. सह्या चोख निघाल्या. मतदान मंजूर झालं.

मी कॅलेंडर बघून तारखेचा प्रस्ताव टाइप केला. शाळेला सुट्टी होती, पोलीस बंदोबस्त मिळत होता, दुसऱ्या कुठल्या निवडणुकीचं काम नव्हतं. फाइल अजून माझ्याच टेबलावर होती. मतदान कधी घेणार, हे हिराबाईंनी शिपायाला विचारून काढलं आणि दुसऱ्याच दिवशी त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. अंगाला मच्छीचा वास आणि हातात वहीचा फाडलेला कागद.

"सायेब, यो दिस तुमी कसा काय धरला? त्या दिशी पुनव हाय."

"मग?"

"पुनवंला उधान असतं. बोटी भर दुपारचे भरतीला लागतान. बाया सकालपासून धक्क्यावर. म्हावरं उतरवायचं, निवडायचं, बाजारान न्यायचं. मत द्याला कोन येल?"

"आठ ते पाच वेळ आहे, मावशी. नऊ तास."

"म्हावरं नऊ तास वाट बघत न्हाय," त्या म्हणाल्या. "आठमीला घ्या ना. आठमीला भांग असतं, पान्याला जोर नसतो. बोटी बांधलेल्या, समद्या बाया घरान. आठच दिस पुढं."

त्यांनी कागद पुढे केला. स्वतःच्या अक्षरात लिहिलेल्या चार ओळी. मी तो घेतला आणि "बघतो" म्हणालो. त्या जरा घुटमळल्या. पोच मागायची असते हे त्यांना ठाऊक असावं, पण मागायचा संकोच वाटला असणार. मी दिली नाही. नोंद केली असती तर अर्ज फाइलला लावावा लागला असता, प्रस्ताव पुन्हा टाइप करायचा, बंदोबस्ताचं पत्र पुन्हा, शाळेचं पत्र पुन्हा. फार तर एका दुपारचं काम. मी कागद ड्रॉवरमध्ये टाकला.

दोन दिवसांनी त्या आल्या तेव्हा काय सांगितलं ते वर लिहिलंच आहे. त्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "मंग बायांना सांगतंय. जमल तितकं करू." आणि गेल्या.

मतदानाच्या दिवशी माझी नेमणूक शाळेवरच होती. सकाळी रांग चांगली लागली. इमारतींमधल्या बायका आवरून, चप्पल-पर्स घेऊन आल्या. कोळीवाड्यातल्या म्हाताऱ्या आल्या. दुपारी बारानंतर वऱ्हांडा ओस पडला. पोलीस हवालदार जांभया देत म्हणाले, "साहेब, आडवी बाटली आडवी पडून झोपली वाटतं." मी हसलो. साडेचारला हिराबाई एकट्याच फाटकाशी येऊन रस्त्याकडे बघत उभ्या राहिल्या.

पाचला नियमाप्रमाणे मी फाटक लावायला सांगितलं. पाच वाजून दहा मिनिटांनी धक्क्यावरच्या कोळणी आल्या. तीसेक बायका, बऱ्याचशा धावत. कुणाच्या डोक्यावर रिकामी पाटी, कोपरापर्यंत खवले चिकटलेले, मतदार ओळखपत्र ब्लाउजमध्ये. जनाबाई सर्वांत पुढे. "उघड ना रे बाबा! हातावरचं म्हावरं टाकून आलो." मी आतून म्हणालो, "वेळ संपली." हिराबाईंनी सळयांमधून माझ्याकडे पाहिलं. "मी आठमी मांगितली व्हती, सायेब." सगळ्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणालो, "तारीख वरून येते. आमच्या हातात काही नसतं."

मोजणीत आडव्या बाटलीला ढीगभर मतं पडली, पण निम्म्याच्या रेषेला एकोणीस कमी. फाटकाबाहेर त्याहून जास्त बायका उभ्या होत्या. दुकान राहिलं.

पुढचं मला दोन वर्षांनी कळलं. भाईंदरच्या बाजारात मच्छी घ्यायला गेलो होतो. त्या वाड्यातल्या बायका एका ओळीत बसतात. पिढ्यानपिढ्या प्रत्येकीची जागा ठरलेली. हिराबाई त्यात दिसल्या नाहीत. जनाबाई होत्या, पण त्यांनी मला ओळखलं नाही. मी सहज विचारलं, "हिराबाई नाही आल्या?"

"ती? ती आता बिल्डिंगच्या दारान बसते, एकटी. मंडलातनं काढली तिला."

"का हो?"

"दुकानवाल्याला फुटली ना. आमी समद्यांनी तिला सांगितलंता, आठमी मांगून घे. बोलली, अर्ज दिला. मी बोलली, पोच दाखव. पोच न्हाय! सरकारी कागुद हाय, पोच मिलतंच. म्हंजे ती गेलीच न्हाय." मग पापलेट उचलून, "यो घे भावजी, ताजा हाय."

त्या अर्ज द्यायला गेल्या होत्या हे तिथे सांगायला मला चार शब्द लागले असते. मी पापलेट घेतलं आणि घरी आलो.

वर्षभरानंतर पुन्हा सह्या जमवता आल्या असत्या. पण ज्या बाईवर विश्वास ठेवून वाडा एक झाला होता, तिलाच वाड्याने बाहेर काढलं होतं. पुढे कुणी निघालं नाही. एका पिढीने मोर्चे काढून मिळवलेला हक्क त्या वाड्यापुरता माझ्या ड्रॉवरमध्ये संपला. मी त्यानंतर नोकरीत कधी कुणाचा कागद पोच दिल्याशिवाय घेतला नाही. सहकारी चेष्टा करायचे, "याला चहाचा कप दिला तरी पोच देईल." मला ते सुधारणेसारखं वाटायचं. प्रत्यक्षात ज्यांचं नुकसान झालं होतं त्या बाई सोडून मी सगळ्यांशी नीट वागत होतो.

टेबलं बदलली तसा तो अर्ज माझ्याबरोबर टेबल बदलत गेला. फाडायची हिंमत नव्हती आणि फाइलला लावायचीही. निवृत्तीच्या वेळी चार्ज देताना तो मी खिशात घालून घरी आणला. कायद्याने हाही गुन्हाच असेल.

या वर्षी एका अष्टमीला सकाळी मी वाड्यात गेलो. बोटी बांधलेल्या होत्या. पुरुष जाळी दुरुस्त करत बसले होते. दुकान उघडं होतं. हिराबाई ओट्यावर सुपात सुका जवळा निवडत होत्या. केस पूर्ण पांढरे झालेले.

"कोन? बोंबील पायजेत का?"

मी नाव सांगितलं, कचेरी सांगितली. "माफी मागायला आलोय," म्हणालो, आणि उभ्याउभ्या सांगायला लागलो. "तुमचा तो अर्ज कामाच्या गडबडीत माझ्याकडून राहून गेला. साहेबांपर्यंत पोचलाच नाही..."

त्यांचे हात थांबले. "सायेब न्हाय बोलला नव्हता?"

"नाही."

"तू बोललास, सायेब न्हाय बोलला." तुमीवरून त्या तूवर आल्या. "आनि गडबड कसली? मी अर्ज दिला तवा तू तं चाय पीत बसला व्हतास."

मी म्हणालो, "हो. मला माफ करा."

त्यांनी सुपातला कचरा फुंकला. "मना कशाला सांगतंस? मी अर्ज दिला व्हता, ते मना ठावं हाय. ज्यांना ठावं न्हाय त्यांना सांग." सूप बाजूला ठेवून त्या उठल्या, पदर खोचला. "चल."

पहिल्या घरात एक वृद्ध बाई होत्या. मी बोलू लागलो तशा त्यांनी विचारलं, "काय, सर्वे हाय? आधार कारड आणू?" हिराबाई म्हणाल्या, "मोठ्यानं बोल, तिला कमी आयकू येतं." मी मोठ्याने सांगितलं. रस्त्यावरची माणसं थांबली. दुसऱ्या घरातल्यांनी ऐकून घेतलं आणि दार लोटलं. तिसऱ्या घरातली बाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आता आलास? बोट बुडल्यावर बांबू घेऊन?" मग हिराबाईंकडे न बघता आत गेली आणि पाण्याचे दोन तांबे घेऊन बाहेर आली. एक त्यांना, एक मला. हिराबाई पाणी प्यायल्या आणि मला पुढच्या दाराकडे घेऊन गेल्या. अशी अकरा घरं झाली. मागे बायका जमत गेल्या.

शेवटचं घर जनाबाईंचं. त्या दारातच उभ्या होत्या. बातमी आमच्या आधी पोचली होती. त्यांनी हात पुढे केला. "कागुद दाखव."

मी तो जुना अर्ज खिशातून काढून त्यांच्या हातात दिला. अक्षरांवरून बोट फिरवत त्यांनी तो वाचला. बराच वेळ लागला. मग कागद न देता जावेकडे बघून म्हणाल्या, "हिरा, तू तवा भांडली का न्हाईस माझ्याशी?"

"भांडून पोच मिलली असती?" हिराबाई म्हणाल्या.

जनाबाईंचा चेहरा बदलला. त्यांनी हिराबाईंचा दंड धरला, "आत ये," म्हणाल्या. हिराबाई जागच्या हलल्या नाहीत. "थांब. याचं बोलून व्हवू दे."

अकरा घरांत मी खरं तेच सांगितलं होतं, पण पूर्ण नव्हे. अर्ज का दाबला ते कुठेच सांगितलं नव्हतं, आणि कुणी विचारलंही नव्हतं. त्या दोघींसमोर आणि मागे उभ्या असलेल्या बायकांसमोर मी हात जोडले आणि म्हणालो:

"हिराबाईंनी तुमच्यासाठी अष्टमी मागितली होती. स्वतः लिहून, माझ्या हातात अर्ज दिला होता. प्रस्ताव पुन्हा टाइप करायचा मला कंटाळा आला. आणि मला वाटलं, या कोळणींना दुकान खरंच बंद व्हायला हवं असेल तर येतील मच्छी टाकून. तुमच्या कामाला मी काम समजलो नाही. म्हणून अर्ज दाबला. नंतर यांच्याशी खोटं बोललो, फाटकातून तुमच्या सगळ्यांशी खोटं बोललो, आणि जनाबाई, बाजारात तुमच्याकडून पापलेट घेतलं तेव्हाही गप्प बसलो. या फुटल्या नव्हत्या. दोष सगळा माझा आहे. हिराबाई, मला माफ करा."